चरोतरचे त्रिभुवनकाका

धान्य पिकवणारा शेतकरी भाव पडला तर चार पोती घरात राखून ठेवू शकतो. कापूसवाल्यालाही थोडीफार उसंत असते. दूधवाल्याला ती मुळीच नसते. पहाटे धार काढली की उन्हे चढण्याच्या आत ते दूध कोणाच्या तरी भांड्यात पडले पाहिजे. नाही पडले तर ते नासणार, आणि संध्याकाळी म्हैस पुन्हा धारेला उभी राहणार. विकत घेणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते, म्हणून तो घाई करत नाही. दूध उत्पादकाची सारी दुर्बलता या सहा-सात तासांत सामावलेली आहे. ती ओळखून तिच्यावर संघटनेचा उपाय शोधणाऱ्या आणि तो गावोगाव जाऊन लोकांच्या गळी उतरवणाऱ्या माणसाचे नाव होते त्रिभुवनदास किशीभाई पटेल.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला 'अमूल' म्हटले की डॉ. वर्गीस कुरियन आठवतात, आणि ते योग्यही आहे. मात्र कुरियन १९४९ च्या मे महिन्यात आणंदच्या स्थानकावर उतरले तेव्हा संघाची नोंदणी होऊन जवळजवळ अडीच वर्षे झाली होती, आणि ज्या संपातून तो संघ जन्मला त्याला तर त्याहूनही अधिक काळ लोटला होता. त्या आधीच्या वर्षांचा इतिहास हा मुख्यतः त्रिभुवनदासांच्या पायपिटीचा इतिहास आहे.

त्यांचा जन्म २२ ऑक्टोबर १९०३ रोजी आणंद येथे झाला. आणंद तेव्हा मुंबई इलाख्यातील खेडा जिल्ह्यात होते. मही नदीच्या उत्तरेकडील या सुपीक पट्ट्याला चरोतर म्हणतात. गोराडू जमीन, तंबाखूची शेती, कष्टाळू आणि तितकाच भांडखोर पाटीदार शेतकरी, ही त्याची ओळख. सरदार वल्लभभाई पटेलांचे करमसद आणंदपासून अगदी हाकेच्या अंतरावर. १९१८ मध्ये पीक बुडाले असतानाही सरकारने शेतसारा मागितला आणि खेडा सत्याग्रह उभा राहिला, तेव्हा त्रिभुवनदास चौदा-पंधरा वर्षांचे होते. १९२३ मध्ये शेजारच्या बोरसद तालुक्याने अन्याय्य कराविरुद्ध लढा दिला, तेव्हा ते ऐन विशीत होते. १९३० मध्ये गांधीजींची दांडीयात्रा याच भागातून गेली. त्या वर्षी त्रिभुवनदास तुरुंगात गेले आणि पुढे १९३५ व १९४२ मध्येही त्यांना कारावास घडला.

साराबंदीच्या लढ्यांनी चरोतरला एक व्यावहारिक धडा दिला होता. गावातल्या शंभर घरांपैकी नव्वद घरांनी सारा रोखून धरला आणि दहा घरांनी रात्रीच्या अंधारात तलाठ्याकडे गुपचूप भरला, तर लढा मोडतो. जप्तीला तोंड द्यायचे ते सगळ्यांनी. हा धडा त्रिभुवनदासांच्या पिढीने पुस्तकातून घेतला नव्हता. म्हशी आणि भांडी जप्त होताना त्यांनी पाहिली होती. दुधाच्या लढ्यात पुढे कामी आली ती हीच पूर्वतयारी.

चरोतरमध्ये दुभते जनावर ही घरची दुसरी तिजोरी. तंबाखूचे पैसे वर्षातून एकदा यायचे. दुधाचे रोज, तेही दोनदा. जुन्या काळी दुधाचे घरीच तूप होई, ताक घरात आणि शेजारीपाजारी संपे. रेल्वे आणि शहरे आली तसे कच्चे दूध विकाऊ झाले आणि त्याबरोबर व्यापारी व दलालही आले. पेस्तनजी एडलजी या पारशी उद्योजकाने मुंबईत कॉफीच्या धंद्यातून नाव कमावले होते. त्यांच्या 'पोल्सन' कंपनीने १९३० च्या सुमारास आणंदला अद्ययावत दुग्धालय काढले. पोल्सनचे लोणी इतके लोकप्रिय झाले की मुंबईच्या बोलीत मस्का लावण्यासाठी कंपनीचे नावच वापरले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धात लष्कराला लोणी पुरवून कंपनीची भरभराट झाली. ही कंपनी म्हणजे कुणी खलनायक होती, असे चित्र पुढे रंगवले गेले. ते अर्धवट आहे. दूध टिकवण्याचे आणि दूर पाठवण्याचे तंत्र आणंदला आणले ते तिनेच. तक्रार होती ती भावाची आणि मक्तेदारीची.

१९४५ मध्ये मुंबई सरकारने शहराला चांगले दूध पुरवण्यासाठी 'मुंबई दूध योजना' सुरू केली. चारशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या आणंदहून दूध थंड करून, निर्जंतुक करून रेल्वेने आणायचे, असे ठरले आणि ते काम पोल्सनकडे सोपवले गेले. करारात सरकारने कंपनीला द्यायचा दर होता. दूध काढणाऱ्याला काय मिळावे, याविषयी मात्र काहीच नव्हते. मुंबईतील कुटुंबाला दूध मिळाले, सरकारला श्रेय मिळाले, कंपनीला नफा मिळाला. दलाल आपली टक्केवारी आधीच कापून घेत होते. खाली उरलेल्या पैशांत पेंडीचा आणि वैरणीचाही खर्च निघेना.

गावकऱ्यांचे शिष्टमंडळ सरदार पटेलांकडे गेले. त्यांचे उत्तर सोपे नव्हते. दलालाऐवजी दुसरा दलाल, किंवा सरकारकडे अर्ज, असा मार्ग त्यांनी सुचवला नाही. उत्पादकांनी स्वतःची सहकारी संस्था काढावी, दुधावर प्रक्रियाही स्वतःच करावी, आणि सरकारने परवानगी नाकारली तर दूध विकणे बंद करावे. त्यात नुकसान होईल, ते सोसण्याची तयारी असेल तरच पुढे जावे, अशी त्यांची अट होती. त्यांनी मोरारजी देसाई यांना खेड्यात पाठवले. ४ जानेवारी १९४६ रोजी आणंदजवळच्या सामरखा गावी सभा झाली. गावोगाव दूध उत्पादकांच्या संस्था काढायच्या, त्यांचा जिल्हा संघ बांधायचा, आणि सरकारने या संघाकडूनच दूध घ्यावे अशी मागणी करायची, असा ठराव झाला. या कामाची धुरा त्रिभुवनदासांकडे आली.

सरकारने मागणी फेटाळली. तेव्हा मुंबई प्रांतात गव्हर्नरची राजवट होती. बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ यायला अजून थोडा अवकाश होता. मग सुरू झाला दुधाचा संप.

हा संप समजून घेण्यासारखा आहे, कारण कामगारांच्या संपापेक्षा तो फार वेगळा असतो. गिरणी कामगार संपावर गेला की यंत्र थांबते. म्हैस थांबत नाही. तिची धार वेळेवर काढावीच लागते, नाहीतर कास सुजते. पेंड-वैरण घालावीच लागते. म्हणजे खर्च चालू, माल तयार, आणि विकायचे मात्र नाही. घरात रोज दोनदा भरणारे हंडे हाच संपकऱ्याच्या निश्चयावरचा सर्वात मोठा ताण. एका घराने मागल्या दाराने दलालाला दूध दिले की शेजाऱ्याचा धीर सुटणार, हे उघड होते. तरीही पंधरा दिवस खेडा जिल्ह्यातील उत्पादकांनी व्यापाऱ्यांना दूध दिले नाही. मुंबईला आणंदहून जाणारा पुरवठा आटला, योजना कोलमडली. अखेर मुंबईचे दूध आयुक्त, जे इंग्रज होते, आणि त्यांचे सहायक दारा खुरोडी आणंदला आले, परिस्थिती पाहिली आणि मागणी मान्य झाली.

१४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास त्याचे पहिले अध्यक्ष.

संप जिंकणे आणि संघ चालवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पंधरा दिवसांचा आवेश कोणालाही आणता येतो. पण रोज पहाटे, वर्षानुवर्षे, आपले दूध त्याच केंद्रावर नेऊन ओतायचे, दुसरा कोणी दोन पैसे जास्त देऊ करत असतानाही, ही वेगळी कसोटी आहे. नोंदणीनंतर प्रत्यक्ष दूध हाती यायला दीड वर्ष गेले. या काळात त्रिभुवनदास गावागावांतून पायी हिंडले. अंगावर खादी, बोलणे मोजके, स्वभाव शांत. चावडीवर, देवळाच्या ओट्यावर, कुणाच्या तरी खळ्यात लोक जमत, आणि हा माणूस त्यांना सभासद होण्याचा अर्थ समजावून सांगत असे. जून १९४८ मध्ये संघाने मुंबई योजनेसाठी दूध पाठवायला सुरुवात केली, तेव्हा गावच्या संस्था होत्या फक्त दोन आणि दूध होते दिवसाला अडीचशे लिटरच्या आसपास. ज्या जिल्ह्याने मुंबईचे दूध पंधरा दिवस अडवले होते, त्याच जिल्ह्यात संघाची सुरुवात एवढीशी झाली. वर्षअखेर सभासदांची संख्या ४३२ वर गेली आणि दूध पाच हजार लिटरपर्यंत पोहोचले.

त्रिभुवनदास लोकांना नेमके काय देऊ करत होते? पहिली गोष्ट, मोजमाप. दलालाचे माप त्याच्या हातात असे आणि दुधाची प्रत त्याच्या डोळ्यांत. नव्या संस्थेत दूध सगळ्यांदेखत मोजले जाई, नमुना घेऊन फॅट तपासले जाई आणि त्यानुसार दर लागे. म्हशीच्या दुधात फॅट सहा-सात टक्के. पाणी घातले की ते आकड्यात दिसणार. त्यामुळे इमानदार माणसाला त्याच्या इमानाची किंमत प्रथमच मिळू लागली, आणि पाणी घालणाऱ्याची पंचाईत झाली. दुसरी गोष्ट, रोख पैसा. सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी, संध्याकाळच्या दुधाचे सकाळी. ज्या घरात वर्षाकाठी एकदाच तंबाखूचा पैसा दिसे, तिथे ही रोजची नाणी म्हणजे सावकाराचा उंबरठा चुकवण्याचा परवाना होता. तिसरी गोष्ट, वर्षअखेरीचा फरक. संघाला नफा झाला तर ज्याने जितके दूध घातले त्या प्रमाणात तो परत मिळणार. चौथी गोष्ट, मत. एका म्हशीवाल्याला एक मत, वीस म्हशीवाल्यालाही एकच.

बदल्यात संस्था जे मागत होती तेही कमी नव्हते. भाग विकत घ्यायचा, दूध संस्थेलाच घालायचे, भेसळ करायची नाही. यातली मधली अट सर्वांत अवघड. उन्हाळ्यात दूध कमी होते तेव्हा व्यापारी संस्थेपेक्षा चढा दर देतो. थंडीत दुधाचा पूर येतो तेव्हा तोच व्यापारी पाठ फिरवतो. उन्हाळ्यात व्यापाऱ्याकडे आणि हिवाळ्यात संस्थेकडे, असे वागायचे ठरवले तर कोणतीही संस्था दोन वर्षे टिकणार नाही. महाराष्ट्रात गावोगावच्या ज्या दूध संस्था बंद पडल्या, त्यांतल्या कित्येकींच्या दप्तरात हीच कहाणी सापडेल. उन्हाळ्यातले दोन पैसे सोडण्याची बुद्धी सभासदाला कशी द्यायची, हा खरा प्रश्न होता. उपदेशाने ती येत नाही. अध्यक्ष स्वतः काही खात नाही, हिशेब उघडा आहे, आणि हिवाळ्यात आपले दूध परत पाठवले जात नाही, हे काही वर्षे डोळ्यांनी दिसले की येते. त्रिभुवनदासांच्या स्वच्छ हाताचा चरोतरमध्ये दबदबा होता. शत्रूसुद्धा त्यांच्यावर पैशाचा आरोप करू शकला नाही. संघाचे ते पहिले भांडवल होते, यंत्रे नंतर आली.

आणि यंत्रांची अवस्था बिकटच होती. संघाने आणंदच्या सरकारी संशोधन दुग्धालयातील काही भाग भाड्याने घेतला होता. तिथली सामग्री पहिल्या महायुद्धाच्या काळातली. ती रोज बिघडे, दूध नासे, मुंबईहून परत येई. त्याच आवारात सरकारी शिष्यवृत्तीच्या करारामुळे नाइलाजाने येऊन पडलेला एक तरुण अभियंता होता. कालिकतचा, ख्रिस्ती, मांसाहारी, गुजराती न येणारा. आणंदमध्ये त्याला कोणी घर भाड्याने देईना म्हणून एका गॅरेजमध्ये राहणारा. वर्गीस कुरियन यांचे वय तेव्हा सत्तावीस होते आणि करार संपवून निघून जाण्याचे दिवस ते मोजत होते. त्रिभुवनदास बिघडलेल्या यंत्रांसाठी त्यांना बोलवत राहिले. अशी डागडुजी किती दिवस चालणार, नवीन यंत्रे घ्या, हा कुरियन यांचा सल्ला. त्रिभुवनदासांनी पैसे उभे केले आणि यंत्रे आणवली. मग कुरियन यांना सरकारी नोकरीतून मोकळीक मिळाली, सामान बांधून झाले, आणि त्रिभुवनदासांनी एवढेच मागितले की नवीन यंत्रे बसेपर्यंत थांबा. पुढे ते कायमचेच थांबले.

या जोडीविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्यातली त्रिभुवनदासांची बाजू अनेकदा चांगुलपणावर संपते, आणि ते अन्यायाचे आहे. सहकारी संस्थेच्या अध्यक्षाला भाचा-पुतण्या कामाला लावण्याचा, ठेकेदार निवडण्याचा, गावच्या गटाला खूश करण्याचा मोह असतो. तो न आवरल्याने आपल्याकडचे किती कारखाने आणि संघ गाळात गेले, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. त्रिभुवनदासांनी कामाची वाटणी स्पष्ट केली. सभासद, गावच्या संस्था, निवडणुका, सरकारदरबार हे त्यांचे. दुग्धालय, नेमणुका, खरेदी, विक्री हे कुरियन यांचे. राजकारणाचा वारा दुग्धालयाच्या दाराआत येऊ न देणे, हे काम त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ केले. स्वतः मुरलेले काँग्रेस कार्यकर्ते असून, गुजरात प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद भूषवून आणि १९६७ ते १९७४ या काळात राज्यसभेत बसूनही केले, हे अधिक विशेष. कुरियन यांच्यासारख्या फटकळ माणसाला सांभाळून घेणे हेही कमी कष्टाचे नसावे.

पन्नासच्या दशकात संघापुढे नवे संकट आले, आणि ते यशातूनच आले. थंडीत म्हशी भरपूर दूध देतात. या पुष्टकाळातले सगळे दूध घ्यायला मुंबई योजना तयार नव्हती. मुंबईत गोरेगावला १९४९ मध्ये आरे वसाहत उभी राहिली होती; खुरोडी यांचा भर तिच्यावर होता, आणि त्यांचे आणंदशी फारसे सख्य नव्हते. सकाळी आरेच्या केंद्रावर रांगेत उभे राहून काचेच्या बाटल्या घरी आणणाऱ्या मुंबईकराला या रस्सीखेचीची कल्पना नव्हती. पण आणंदच्या सभासदाच्या दृष्टीने प्रश्न जीवनमरणाचा होता. हिवाळ्यात दूध नाकारले तर संघ आणि व्यापारी यांत फरक काय राहिला? उरलेल्या दुधाचे लोणी आणि भुकटी करणे हाच मार्ग होता. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. कुरियन यांचे मित्र व सहकारी हरिचंद दलाया यांनी ती करून दाखवली. युनिसेफ आणि न्यूझीलंड यांच्या मदतीने नवा कारखाना उभा राहिला आणि ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी, सरदारांच्या जयंतीदिवशी, पंडित नेहरूंनी त्याचे उद्घाटन केले. पुढे त्याच मालाला 'अमूल' हे नाव मिळाले.

या कारखान्याचा सभासदाला झालेला लाभ साधा होता: आता बारा महिने, कितीही दूध आणले तरी ते परत जाणार नव्हते. त्यानंतर संस्थांची संख्या भराभर वाढली. जे काठावर उभे होते ते आत आले. सभासदांना जनावरांच्या डॉक्टरांची फिरती सेवा मिळू लागली, कृत्रिम रेतनाची सोय झाली. पूर्वी म्हैस आजारी पडली की वैदू किंवा नवस. आता गावच्या संस्थेकडे निरोप धाडायचा. ऑक्टोबर १९६४ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री कंजरी येथील पशुखाद्य कारखान्याच्या उद्घाटनासाठी आले, तेव्हा आदल्या रात्री ते अजरपुरा गावात एका शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला राहिले. हे सगळे कशामुळे चालते, असे त्यांना समजून घ्यायचे होते. परतल्यावर त्यांनी देशभर असे संघ उभारण्याचे ठरवले आणि १९६५ मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले, तेही दिल्लीत नव्हे तर आणंदमध्ये.

एकट्या म्हशीवाल्याला यातले काय करता आले असते? डॉक्टर ठेवता आला नसता, पशुखाद्याचा कारखाना काढता आला नसता, मुंबईच्या आयुक्तासमोर बसून दर मागता आला नसता. भुकटीच्या कारखान्याचा तर विचारही नको. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला मोठमोठी नावे आहेत. चरोतरच्या बाईला ते एका वाक्यात कळत होते: डेअरीत नाव असले की म्हैस विकावी लागत नाही.

त्या बाईचे नाव मात्र डेअरीच्या वहीत बहुधा नसे. म्हैस तिने सांभाळायची, शेणगोठा तिने करायचा, धार तिने काढायची, घागर डोक्यावर घेऊन रांगेत तिनेच उभे राहायचे. भाग नवऱ्याच्या नावावर, मत नवऱ्याचे. आणंदच्या यशोगाथेतील ही उणीव दीर्घकाळ राहिली. जातीचेही तसेच. रांगेत पाटीदार, बारैया, दलित एकामागे एक उभे राहत आणि सगळ्यांचे दूध एकाच कॅनमध्ये पडे, ही त्या काळाच्या मानाने मोठीच गोष्ट होती. पण संस्थेच्या दारात जात विरघळून गेली, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पंचाच्या खुर्चीवर बसणारे पुष्कळदा जमीनवालेच असत. गांधीजींच्या तालमीत वाढलेल्या त्रिभुवनदासांना याची जाणीव नसेल, असे संभवत नाही. त्यांनी रांग एक ठेवण्याचा आग्रह धरला आणि बाकीचे काळावर सोडले, असे म्हणता येईल.

१९६३ मध्ये त्रिभुवनदास, कुरियन आणि खुरोडी या तिघांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला. मुंबई आणि आणंद यांच्यातील वर्षानुवर्षांचा तंटा पाहता, तिघांची नावे एकत्र वाचून अनेकांना गंमत वाटली असेल. पुढच्या वर्षी त्रिभुवनदासांना पद्मभूषण मिळाले. त्याच सुमारास महाराष्ट्रातही वारे फिरले होते. १९६३ मध्ये कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, म्हणजे आजचा 'गोकुळ', स्थापन झाला, आणि १९६७ मध्ये राज्य पातळीवरचा दूध महासंघ. साखरेच्या सहकाराची परंपरा प्रवरानगरमुळे इथे आधीच रुजलेली होती. दुधाच्या बाबतीत नजर आणंदकडे लागली.

सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्रिभुवनदासांनी संघाचे अध्यक्षपद स्वेच्छेने सोडले. कुणी हरवले नव्हते, कसली चौकशी नव्हती, प्रकृतीही बरी होती. सहकारात खुर्ची सोडणाऱ्यांची उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून हे नोंदवले पाहिजे. निरोपाच्या वेळी सभासदांनी प्रत्येकी एक रुपया काढून सुमारे सहा लाखांची थैली त्यांना अर्पण केली. ती रक्कम त्यांनी घरी नेली नाही. तिच्यातून १९७५ मध्ये त्रिभुवनदास फाउंडेशन स्थापन झाले आणि खेडा जिल्ह्यातील माता व बालके यांच्या आरोग्याचे काम सुरू झाले.

या संस्थेची कल्पनाही त्यांच्या मूळ विचारातून निघालेली होती. संघाकडे जनावरांचे डॉक्टर गावोगाव फिरत होते. म्हशीला ताप आला तर वेळेवर औषध मिळत होते, आणि त्याच घरातली बाळंतीण मात्र नशिबावर अवलंबून होती. दुधासाठी बांधलेले जाळे माणसांसाठी का वापरू नये? गावच्या दूध संस्थेच्याच इमारतीत आरोग्याचे काम चालायचे, गावातल्याच बाईला शिकवून आरोग्यसेविका करायचे, असे त्याचे स्वरूप. जिथे सकाळी दूध मोजले जाई तिथेच दुपारी तान्ही मुले वजनकाट्यावर ठेवली जाऊ लागली. काम वाढले, बाहेरची मदत येऊ लागली, तेव्हा त्रिभुवनदासांनी या संस्थेचेही अध्यक्षपद कुरियन यांच्याकडे दिले.

३ जून १९९४ रोजी, वयाच्या नव्वदीत, त्यांचे निधन झाले. लोक त्यांना त्रिभुवनकाका म्हणत. ज्या पोल्सनला टक्कर देण्यासाठी संघ उभा राहिला, ती कंपनी तोवर लोण्याच्या बाजारातून नाहीशी झाली होती. १९९७ मध्ये खेडा जिल्ह्याचे विभाजन होऊन आणंद स्वतंत्र जिल्हा झाला. दोन गावे आणि अडीचशे लिटर दुधापासून सुरू झालेल्या या पद्धतीत आज गुजरातमधील सुमारे ३६ लाख उत्पादक आहेत. ग्राहकाने दिलेल्या रुपयातील ऐंशी पैशांच्या आसपास उत्पादकाला पोहोचतात, असे अमूल सांगते; खासगी दुग्धालयांच्या दराशी तो आकडा ताडून पाहणे कोणत्याही जिल्ह्यातील दूध उत्पादकाला सहज शक्य आहे.

२०२५ मध्ये संसदेने कायदा करून आणंदच्या ग्रामीण व्यवस्थापन संस्थेचे रूपांतर सहकाराचे शिक्षण देणाऱ्या विद्यापीठात केले. त्याचे नाव त्रिभुवन सहकारी विद्यापीठ. संसदेतील चर्चेच्या निमित्ताने देशभरातील वृत्तपत्रांत हे त्रिभुवन कोण, याची माहिती छापून आली. चरोतरच्या जुन्या सभासदांना ती वाचण्याची गरज नव्हती.